क्लासिक ३५०ला जादा दिवे लावायचेत : इंदूर–खंडवा रस्त्यासाठी सल्ला हवा

रामबागकर
नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, २०२२चं मॉडेल, दिवा कंपनीचाच हॅलोजन. सासुरवाडी खंडव्याची. शनिवारी कामावरून सुटलं की सिमरोल, चोरल, बडवाह, सनावद करत निघायचं, म्हणजे अर्धा रस्ता अंधारातच. त्या रस्त्याने जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सिमरोल सोडलं की भेरूघाट, चौपदरीकरणामुळे जागोजागी वळवलेला रस्ता, धुरळा, आणि समोरून कायम अप्परवर येणारे ट्रक. ट्रक बाजूने गेला की दोन-तीन सेकंद काही म्हणजे काही दिसत नाही, आणि बिनदिव्याची ट्रॉली नेमकी तिथेच कडेला उभी असते.

जादा दिवे लावायचं नक्की केलंय. तीन दुकानं फिरलो, तिघांचं तीन तऱ्हेचं. एक म्हणतो हेडलाइटमध्येच एलईडी बल्ब टाका, दोन मिनिटांचं काम. दुसरा लेगगार्डवर चार दिवे ठोकायला निघाला होता. तिसऱ्याने डबा उघडून दाखवला, "नऊ हजार लुमेन, भिया, रात का दिन हो जाएगा." कोणते घेऊ, कुठे लावू, बॅटरी तग धरेल का, आणि चालानाचं काय? जाणकारांनी लिहावं.

पोहेजिलबी
नऊ हजार लुमेन? राजवाड्यासमोर उभी करा गाडी, नगर निगमचं बिल वाचेल.

तारायंत्र
रामबागकर, एलईडी बल्बचं आधी डोक्यातून काढा. तुमच्या दिव्यात एच-४ बल्ब आहे, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन तारा असतात आणि लोअरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटीशी वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून भिंतीवर वर अंधार आणि खाली उजेड अशी रेघ दिसते. मागचा चकचकीत आरसा त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो, मिलिमीटरच्या हिशोबाने. एलईडी बल्बात तार नाही, दोन्ही अंगांना चिप चिकटवलेल्या. त्यांची जागा जुळली नाही की रेघ विस्कटते. समोरच्याच्या डोळ्यांत जातं आणि आपल्या रस्त्यावर डाग पडतात. दुकानाच्या दारात पांढरं शुभ्र दिसतं म्हणून माणूस भुलतो.

आता लुमेन, म्हणजे दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप. एच-४ हॅलोजन मानकाप्रमाणे लोअरला साधारण १००० आणि अप्परला १६५० लुमेन देतो. या असल्या एलईडी दिव्यांत एका वॅटला १००च्या आसपास लुमेन धरा. मुठीएवढा २० वॅटचा दिवा खरा असेल तर २०००पर्यंत जाईल. नऊ हजार हवे असतील तर ९० वॅट लागतील, आणि तेवढी उष्णता त्या मुठीएवढ्या अॅल्युमिनियममधून बाहेर पडणार नाही. डब्यावरचा आकडा वाचूच नका. मागे उष्णता सोडणाऱ्या मोठ्या पात्या (फिन) आहेत का, वजन हाताला लागतं का, काचेत नुसती चकती आहे की प्रकाश वळवणारं भिंग, हे बघा.

घाटवळण
तारायंत्रांशी सहमत, पण घाटासाठी आणखी एक सांगतो, जे दुकानदार कधीच सांगत नाही.

दुचाकी वळणावर झुकते. गाडीबरोबर हेडलाइटही झुकतो, आणि ती वरच्या अंधाराची रेघ वळणाच्या आतल्या बाजूला खाली उतरते. म्हणजे जिकडे वळायचंय तिकडेच उजेड आखूड होतो. चारचाकीवाल्याला हे कधी जाणवत नाही. भेरूघाटातल्या डाव्या वळणावर कडेचा दगड शेवटच्या क्षणी दिसतो तो यामुळेच. लांब फेकणारा दिवा कितीही दांडगा लावा, ही जागा काळीच राहणार. इथे उपयोग रुंद पसरणाऱ्या दिव्याचा. लांबी कमी चालेल, पण दोन्ही कडा उजळल्या पाहिजेत.

म्हणून दिवे घेताना दोन जाती वेगळ्या समजून घ्या. एक लांब फेकीचा, अरुंद झोताचा, तो मोकळ्या सरळ रस्त्यावर. दुसरा रुंद झोताचा, तो वळणांसाठी, गावांतून जाताना, पावसात. खंडवा रस्त्यावर मी तरी आधी रुंदच लावीन. लांब फेक वापरायला तिथे समोरून गाडी नसलेला रस्ता मिळतोच किती? सनावदच्या पुढे थोडाफार, बस.

मांडवीकर
हँडलला लावले तर हँडलबरोबर वळतील ना दिवे? मग घाटात ते बरे नाहीत का?

घाटवळण
चालण्याच्या वेगात वळतील. ४०च्या पुढे दुचाकी हँडल फिरवून कुठे वळते, झुकूनच वळते, हँडल जेमतेम हलतं. शिवाय आरशाच्या दांड्याला लावलेले दिवे थरथरतात आणि थेट समोरच्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. लेगगार्डवर, जमिनीपासून ६० सेंटिमीटरच्या आसपास, हीच जागा. आणखी एक फायदा : वर एक हेडलाइट आणि खाली दोन दिवे असा त्रिकोण दिसला की समोरच्याला आपलं अंतर कळतं. एकटा दिवा दूरची मोटारसायकल आहे की जवळची लूना, याचा रात्री अंदाज येत नाही.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून. आमच्याकडे जानेवारीत मुरैना–धौलपूरकडे निघालं की धुकं असं की स्वतःचं पुढचं चाक शोधावं लागतं. माझा अनुभव : पिवळेच लावा. पांढरा दिवा धुक्यात भिंत उभी करतो, पिवळा धुकं फाडून जातो.

तारायंत्र
लष्करवाले, अनुभव खरा, कारण वेगळं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे, सुमारे दहा मायक्रॉन आणि वर, तर प्रकाशाची लहर अर्धा मायक्रॉन. एवढ्या मोठ्या थेंबांवरून पिवळा काय नि निळा काय, जवळपास सारखाच विखुरतो. आकाश निळं दिसण्याचं गणित इथे लागत नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. निळसर पांढऱ्या उजेडाने डोळ्याला चकाकी जास्त त्रास देते, पिवळ्याने कमी. आणि तुमचे पिवळे दिवे बहुतेक खाली लावलेले असणार, वर कापलेल्या झोताचे. उजेड डोळ्यांच्या समोरच्या धुक्यात न जाता त्याच्या खालून रस्त्यावर जातो. तोच पिवळा दिवा हँडलवर चढवून बघा, भिंत पुन्हा उभी राहील.

लष्करवाला
असेल बुवा. लेगगार्डच्या सर्वांत खालच्या नळीला आहेत माझे, हे मात्र खरं. पण पिवळा तो पिवळाच!

कलमनवीस
चालानाचा प्रश्न मागे पडला म्हणून लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले दोन नियम बघा. नियम १०६ : पुढे उजेड टाकणारा दिवा कायमचा खाली वळवलेला हवा, इतका की दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील तो दिपता कामा नये. नियम १११ : स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट गाडीच्या पुढे लावायला मनाई, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याची आधी मंजुरी घेतली तरच. लांब फेकीचा अरुंद दिवा या दुसऱ्या नियमाच्या किती जवळ जातो ते तुम्हीच ठरवा.

त्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत परवानगीशिवाय बदल नको म्हणणारं. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "सगळेच लावतात" हा बचाव कोर्टात चालत नाही. लुकलुकणारे आणि लाल-निळे दिवे तर कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. बाकी रुंद झोताचा, खाली वळवलेला दिवा लावून शहरात बंद ठेवलात तर धोका कमी होतो, शून्य होत नाही. पुढचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

पोहेजिलबी
काका, तुम्ही लिहिलंत की धाग्यावर एकदम शांतता पसरते.

सुदामानगरी
मी उलटं बोलणार, रागावू नका. दिवे वाढवले की माणूस वेग वाढवतो. ८०ने जाताना सेकंदाला २२ मीटर गाडी पुढे जाते. काही दिसलं आणि ब्रेकवर पाय पडला याला रात्री दीड सेकंद धरा, ३३ मीटर गेले. मग थांबायला कोरड्या चांगल्या डांबरावर चाळीसेक. झाले ७३-७४. लोअरचा उपयोगी उजेड ५०–६० मीटर. म्हणजे ८०ने जाणारा माणूस दिसेल त्याच्या पलीकडे गाडी हाकतोय. ६०ला हाच हिशोब ४८वर येतो आणि कंपनीच्या दिव्यात बसतो. दिव्याचा खर्च वाचवा, ६०ने जा, जावई अर्धा तास उशिरा पोचला तरी सासूबाई जेवायला वाढतातच.

रामबागकर
सुदामानगरी, हिशोब पटला आणि घाटात मी ४०च्या वर जातही नाही. पण माझा त्रास वेगाचा नाहीच. ट्रक जाऊन डोळे ताळ्यावर येईपर्यंत कडेचं दिसत नाही, तो आहे. घाटवळण म्हणतात तसे रुंद झोताचे दोन घेतो, २०-२० वॅटचे. आता जोडणी सांगा. दुकानदार म्हणतो हेडलाइटच्या वायरीतूनच करंट घेऊ, पाच मिनिटांत.

मांडवीकर
माझंही विचारून घेतो. वडोदऱ्यात स्कूटर आहे, हालोल रस्त्यावर रात्रीचं जाणं होतं. स्कूटरची बॅटरी एवढे दिवे ओढेल का?

तारायंत्र
दोघांना एकत्र.

आधी झेपतं का ते मोजा. मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी बंद, रात्रभर उभी : १२.६च्या आसपास हवं. चालू करून थोडा रेस दिला की १३.८ ते १४.४. आता नवे दिवे तात्पुरते जोडून पेटवा आणि नुसत्या आयडलवर, म्हणजे रेस न देता, बघा. १३च्या खाली रेंगाळत असेल तर दिवे बॅटरी खाताहेत. सिग्नलवर, ट्रॅफिकमध्ये बंद ठेवायचे. रेस देऊनही १३.५ चढत नसेल तर कमी वॅटचे घ्या. मांडवीकर, स्कूटरवर बहुधा हेच होईल, १०-१०च्या पुढे जाऊ नका. फार जुनी गाडी असेल तर तिचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट कॉइलच्या एसीवर चालतो, रेस दिला की उजळतो तो. त्या वायरीला एलईडी जोडलात तर लुकलुकेल नाही तर मरेल. १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू ठेवण्याचा नियम आला, त्यानंतरच्या गाड्यांत हेडलाइटचे वॅट सतत गृहीतच धरलेले असतात. रामबागकर, तुमच्या गाडीला ४० वॅट जड जाऊ नयेत, तरी मोजून घ्या.

हेडलाइटच्या वायरीतून करंट घ्यायचा नाही. कंपनीची ती वायर आणि स्विच ६० वॅटसाठी आहेत, त्यावर ४० लादले की स्विचच्या आतले संपर्क जळतात आणि मग घाटात मूळ दिवाच जातो. रिले वापरा, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. १२ व्होल्टचा ३० अँपिअरचा, कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. त्याच्या पायांवर आकडे असतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, तिथून ३०. ८७पासून दिव्यांकडे. ८५ अर्थिंगला. ८६ला इशारा, हँडलवरच्या छोट्या स्विचमधून. मधे ८७अ असेल तर मोकळा सोडा. काही रिलेंच्या आत डायोड असतो, त्यात ८५-८६ उलटं चालत नाही, कव्हरवरचं चित्र बघून घ्या.

इशारा कुठून घ्यायचा हा खरा प्रश्न. रुंद झोताच्या दिव्यांसाठी तुमच्या हेडलाइटवरचे ते दोन छोटे पायलट दिवे आहेत ना, त्यांच्या वायरीतून घ्या. चावी काढली की सगळं बंद, विसरायची भीती नाही. उद्या लांब फेकीचे लावलेत तर त्यांचा इशारा अप्परच्या वायरीतून. म्हणजे समोर गाडी आली, अंगठ्याने डिपर मारला की तेही लगेच विझतात. ज्याच्या लांब फेकीच्या दिव्याला वेगळं बटण शोधावं लागतं तो समोरच्याला आंधळा करणारच.

फ्यूज : ४० वॅट म्हणजे साडेतेरा व्होल्टला ३ अँपिअर. ५चा फ्यूज पुरे. तो बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. दिव्याजवळ लावला आणि मधे वायर चिरडली तर आग बॅटरीच्या बाजूलाच लागते. वायर १ चौरस मिलिमीटरची, तांब्याचीच. महाराणी रोडवर मागाल तशी मिळेल.

आणि सांधे. डाग (सोल्डर) देऊ नका. डागाच्या कडेला तार ताठ होते आणि गाडीच्या थरथरीने तिथेच तुटते. क्रिंप करून (धातूची टोपी पकडीने दाबून) वर हीट-श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळणारी, चढवा. काळी चिकटपट्टी मेमध्ये पाघळते, मग धूळ धरते. गेल्या महिन्यात एक गाडी आली होती, दुकानात बसवलेले दिवे कधी लागत कधी नाही. टाकी उचलली तर हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की वायर फोर्क आणि फ्रेमच्या मधे चिमटत होती. वरचं प्लास्टिक घासून गेलेलं, आतलं तांबं हिरवं, आणि सात केसांपैकी दोन शिल्लक. फ्यूज म्हणून कुणीतरी सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळली होती. म्हणून पट्ट्या आवळण्याआधी हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, वायर सैल राहते का बघा, मगच आवळा.

मांडवीकर
सिगारेटची चांदी! धन्य. १०-१०चेच घेतो.

रामबागकर
झालं. रविवारी आत्तेभाऊ आणि मी, पूर्ण दुपार गेली. लेगगार्डच्या नळीवर क्लॅम्प फिरत होता, आत जुन्या ट्यूबचा तुकडा घातला तेव्हा पकडला. मीटर आयडलला १३.२, रेसवर १४.१. पण कॉलनीत चक्कर मारली तर समोरच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत उजेड जातोय. कोन कसा लावायचा?

घाटवळण
सपाट जमीन आणि भिंत शोधा. भिंतीपासून दिवा बरोबर ८ मीटर. टायरची हवा नेहमीची, गाडी सरळ उभी, आणि तुम्ही स्वतः बसलेले. स्टँडवर लावून कोन बघणं व्यर्थ आहे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, तुमची ६० असेल. भिंतीवर त्याच उंचीला खडूने आडवी रेघ मारा. तिच्याखाली १६ सेंटिमीटरवर दुसरी. झोताची वरची कड या खालच्या रेघेवर आली पाहिजे. ८ मीटरला १६ सेंटिमीटर म्हणजे शंभराला दोन, आणि ६० सेंटिमीटरवरचा दिवा त्या उताराने ३० मीटरवर जमिनीला टेकतो. रुंद दिव्याला तेवढंच हवंय. त्यापुढचं काम हेडलाइटचं, त्याची कड शंभराला एक या हिशोबात असते.

डावा दिवा थोडा बाहेर, कडेकडे वळवा. उजवा सरळ ठेवा, बाहेर नको, तिकडे समोरून येणारे असतात. मग आत्तेभावाला ८ मीटरवर उभा करा, नंतर खुर्चीवर बसवा. बसलेल्याचे डोळे कारवाल्याच्या उंचीला येतात. त्याने तोंड फिरवलं तर अजून खाली.

पोहेजिलबी
खुर्ची, खडू, आत्तेभाऊ. शेजाऱ्यांना वाटलं असेल नाटकाची तालीम चाललीय.

रामबागकर
शेजारचे काका खरंच गच्चीवरून बघत होते. शेवटी खाली उतरून स्वतःच खुर्चीवर बसले.

खंडव्याला जाऊन आलो. फरक आहे, पण दुकानदार सांगत होता तसला नाही. लांबचं पूर्वीइतकंच दिसतं. कडा मात्र उघडल्या. डाव्या वळणावर गवत, दगड, डांबर संपतं तिथली पायरी, सगळं आधी दिसतं, आणि ट्रक गेल्यावर डोळा कडेला धरून राहायला जागा मिळते. चोरलजवळ धुरळ्यात मात्र बंद करावे लागले, सगळं दुधाळ होतं. समोरच्या कुणी डिपर मारून तक्रार केली नाही जातानाच्या वाटेवर. येताना सौ. मागे होत्या, तेव्हा दोन-तीन जणांनी मारला.

तारायंत्र
मागे वजन आलं की मागचा शॉक दबतो, तोंड वर होतं, हेडलाइटसकट सगळे झोत वर चढतात. दिव्यांना हात लावू नका. क्लासिकच्या मागच्या दोन्ही शॉकना सहा पायऱ्यांचं प्रीलोड आहे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवता येतं. दोघं बसणार असाल तेव्हा सी आकाराच्या पान्याने दोन पायऱ्या वर चढवा, दोन्ही बाजूंना सारख्याच. मग तीच भिंत, तीच रेघ, सौभाग्यवतींना मागे बसवून एकदा बघा.

रामबागकर
सामान किती बसतं तेही धरायला लागेल मग. खंडव्याहून परत येताना पिशव्या सौ.पेक्षा जड असतात.

तारायंत्र
मग तीन पायऱ्या.